दोन हजार रुपयांचा जामीन

भिवापूरहून नागपूरला येणारी एस.टी. उमरेड सोडते, दिघोरी मागे पडते आणि ताजबाग जवळ आले की गाडीत एक बारीकशी हालचाल होते. मिरचीचा व्यापारी हिशेबाच्या वहीतून डोके वर काढतो, खिडकीशी बसलेली म्हातारी पदर सावरून हात जोडते, कंडक्टरही तिकिटाची पेटी बगलेत धरून छातीला बोटे लावतो. कोण हिंदू आणि कोण मुसलमान, ते त्या क्षणी ओळखू येत नाही. १९८९ साली बँकेने मला भिवापूरला पाठवले तेव्हा हा देखावा मी दर शनिवारी पाहत असे. ताजुद्दीन बाबांचे नाव विदर्भात वाढलेल्या माणसाने ऐकलेले असतेच. परंतु ज्यांना आपण हात जोडतो, त्या बाबांना सरकारने सोळा वर्षे वेड्यांच्या इस्पितळात ठेवले होते, ही गोष्ट मला पुष्कळ उशिरा समजली. तोवर भिवापुरात माझ्या हातून एक चूक होऊन गेली होती. ती पुढे सांगेन.

बाबांचा जन्म २७ जानेवारी १८६१ चा, कामठीचा. वडील फौजेत होते. ते मूल वर्षाचे व्हायच्या सुमारास गेले आणि काही वर्षांनी आईही गेली. पोर आजीच्या आणि मामाच्या हाताखाली वाढले. मदरशात शिकले, तरणे झाल्यावर रिवाजाप्रमाणे पलटणीत भरती झाले आणि पलटणीबरोबर सागरला गेले. दिवसा कवायत आणि रात्री गायब, असा तिथला क्रम. दाऊद मक्की यांच्या दर्ग्यावर हा शिपाई रात्र रात्र बसून राही.

या ठिकाणी चरित्रकार एक प्रसंग सांगतात आणि मला तो साऱ्या चमत्कारांपेक्षा मोलाचा वाटतो. नातू रात्रीचा बाहेर असतो ही बातमी कामठीला आजीच्या कानी गेली. जवान पोर, परका मुलूख. म्हातारीच्या मनात जे यायचे ते आले. ती सागरला गेली; पण रागावली नाही, जाबही विचारला नाही. रात्री गुपचूप त्याच्या मागे गेली आणि बसून पाहिले. पोर ध्यानात बसलेले होते. आधी पाहिले, मग मत बनवले. हा क्रम पुढे बाबांच्या वाट्याला फारसा आला नाही.

नोकरी सुटली आणि कामठीच्या रस्त्यांवर एक फाटका माणूस फिरू लागला. बोलणे तुटक, कपड्यांचे भान नाही. पोरे दगड मारीत. घरच्यांनी हकीम-वैद्य केले, गुण आला नाही. काहींना मात्र त्या तुटक बोलण्यात अर्थ सापडू लागला, तशी गर्दी वाढली. मग १८९२ साली बाबा छावणीतल्या टेनिसच्या मैदानावर, जिथे गोऱ्या मडमा खेळत होत्या, तिथे नग्नावस्थेत जाऊन उभे राहिले. गर्दी टाळून वेड्यांच्या इस्पितळात जाता यावे म्हणून त्यांनी ते मुद्दाम केले, असे भक्त मानतात. छावणीच्या साहेबाला त्यात न कळण्यासारखे काही नव्हते. २६ ऑगस्ट १८९२ रोजी बाबांची रवानगी नागपूरच्या पागलखान्यात झाली. १८६४ साली निघालेली ही संस्था आज प्रादेशिक मनोरुग्णालय म्हणून चालते, पण शेजारच्या चौकाला लोक अजूनही पागलखाना चौकच म्हणतात.

त्या वेळी १८५८ चा कायदा चालू होता. भटकणारा वेडा पोलिसांनी मॅजिस्ट्रेटपुढे उभा करायचा, डॉक्टरने दाखला द्यायचा आणि मॅजिस्ट्रेटने हुकूम काढायचा. साराच मामला एखाद्या सकाळी उरकता येण्याजोगा. एका माणसाच्या सोळा वर्षांसाठी ही मुदत थोडी वाटते खरी. पण नग्न माणूस समोर उभा असताना दुसरे काय करायला हवे होते, हेही सांगणे सोपे नाही. आज काही हुशार मंडळी बाबांना एखाद्या आजाराचे नाव देऊ पाहतील. शंभरावर वर्षांनी, रोगी न पाहता केलेले निदान आणि रोगी न पाहता केलेला चमत्काराचा दावा, दोन्ही मला सारखेच कच्चे वाटतात.

आत काय झाले? भक्तांच्या पोथ्या चमत्कारांनी भरलेल्या आहेत. आत असतानाच बाबा कामठीला दिसले, वगैरे. डॉक्टरांचा आदर वाढला, लोक भेटीला येऊ लागले, हेही त्यात आहे. मला मात्र वेगळ्याच माणसांबद्दल कुतूहल आहे. सोळा वर्षे म्हणजे जवळजवळ सहा हजार रात्री. त्या रात्री कंदील घेऊन फेरी कोणी मारली? बाबा जेवले की नाही, थंडीत अंगावर कांबळे कोणी टाकले? त्या काळी शिकलेल्या परिचारिका वेड्यांच्या वाट्याला नव्हत्या. होते ते हलक्या पगाराचे रखवालदार. डॉक्टर येऊन जात. हा वेडा की अवलिया, हे ठरवायला लागणारा वेळ फक्त त्या रखवालदारांकडे होता. त्यांतल्या एकाचेही नाव पोथ्यांत ठळकपणे आलेले नाही.

माझी भाची बरीच वर्षे मनोरुग्णांच्या वॉर्डात सिस्टर आहे. कोणत्या इस्पितळात, ते सांगत नाही, कारण तिला ते आवडणार नाही. बाबांची गोष्ट मी तिला सांगितली तेव्हा तिने पहिली चौकशी केली ती झोपेची आणि जेवणाची. तिच्या वॉर्डात एक बाई रात्रभर खिडकीशी पुटपुटत बसे. नव्या मुलीने वहीत लिहून टाकले की बाई भ्रमात आहे. भाची शेजारी जाऊन बसली. बाई जात्यावरच्या ओव्या म्हणत होती, नव्या जागी झोप येत नव्हती म्हणून. उलट एक गृहस्थ दिवसभर शांतपणे जप करीत. साऱ्या वॉर्डाला ते आवडत. हिच्या ध्यानात आले की दोन दिवस त्यांचे ताट तसेच परत जाते आहे. अन्नाला शिवू नकोस असा आवाज त्यांना ऐकू येत होता. तिने रात्रीच डॉक्टरांना उठवले. म्हणून तिच्या वहीत मत नसते, घडले ते असते. किती वाजता उठला, काय बोलला, पाणी प्याला की नाही.

चहात गोळी विरघळवून द्या, असा आग्रह नातेवाईक तिला हमखास करतात. ती नकार देते. एकदा कळले की तिच्या हातचा चहादेखील तो माणूस घेणार नाही आणि वॉर्डात त्याचा विश्वास बसण्याजोगी दुसरी वस्तू नसते. बांधून ठेवण्याचेही तसेच. २०१७ च्या कायद्याने एकांतकोठडी आणि साखळदंड बंद केले. तत्काळ इजा टाळायला दुसरा उपायच नसेल तर, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने तेवढ्यापुरते बांधता येते. पण माणूस अंगावर धावून आला की परवानगी मागायची की दोन पावले मागे सरून हळू आवाजात बोलायचे, हे त्या क्षणी सिस्टरलाच ठरवावे लागते. आणि इस्पितळाऐवजी देवस्थान चांगले म्हणावे, तर ६ ऑगस्ट २००१ ची तामिळनाडूतल्या एरवाडीची आग आठवते. दर्ग्याच्या आसऱ्याने चाललेल्या आश्रमात साखळ्यांनी बांधलेले २८ रुग्ण जळून मेले.

आता बाबांची सुटका. राजे रघुजीराव भोसल्यांनी खटपट केली आणि २१ सप्टेंबर १९०८ रोजी बाबा बाहेर आले. राजांनी दोन हजार रुपयांचा जामीन भरला असे सांगतात. बँकेत हयात घालवलेल्या माणसाची नजर नेमकी इथे अडते. हा जामीन कशाचा? बाबा शहाणे आहेत असा निवाडा काही कोणी दिला नव्हता. वेड्याचा नीट सांभाळ होईल आणि त्याच्याकडून स्वतःला वा दुसऱ्याला इजा होणार नाही, अशी हमी आप्ताने किंवा स्नेह्याने दिली तर माणूस त्याच्या स्वाधीन करण्याची सोय त्या कायद्यात होती. म्हणजे सोळा वर्षांनीही प्रश्नाचे उत्तर मिळाले नव्हते. जबाबदारी घेणारा मिळाला होता. जामीनदार सहीपुरते असतात, हा माझा अनुभव. रघुजीराव तसले नव्हते. त्यांनी बाबांना सक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यावर नेले.

मधली काही वर्षे बाबा सावनेरकडच्या वाकी गावी काशिनाथ पाटलांकडे राहिले. तिथे त्यांनी जागांना नावे दिली होती. एक जागा मदरसा, एक मशीद, आणि एका झाडाखालची जागा शफाखाना. आजारी माणूस आला की त्याला तिथे जाऊन बसायला सांगत. भिंती नाहीत, दार नाही, पहारेकरी नाही. सोळा वर्षे एका इस्पितळात काढलेल्या माणसाने आपले इस्पितळ असे मांडले. त्याला आपण काय म्हणावे ते ज्याचे त्याने ठरवावे. मला ते पाहिल्यावर बराच वेळ तिथून उठवले नाही.

बाबांच्या भेटीला आलेल्यांत १९१५ साली तरुण मेहेरबाबाही होते. १९३६ मध्ये त्यांनी राहुरीला वेड्यांसाठी आश्रम काढला आणि त्या लोकांना स्वतःच्या हातांनी आंघोळी घातल्या. १७ ऑगस्ट १९२५ ला बाबा सक्करदऱ्याला वारले. उमरेड रस्त्यावर दफन झाले, तेच ताजबाग.

आता भिवापूरची गोष्ट. मिरचीचा हंगाम होता. बाजाराच्या दिवशी शाखेत शिंकांनी नोटा मोजणे मुश्कील होई. एका खातेदाराचा भाऊ आला. धाकट्याच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, पैसे उधळील, खाते थांबवा, अशी त्याची विनंती. दाखला काही नव्हता. धाकटा बाकावर बसलेला. सदरा उलटा, ओठ हलत होते. मी पाच मिनिटेही पाहिले नसेल. लेजरमध्ये चिठ्ठी लावून टाकली. पुढच्या महिनाभरात तो चार-पाच वेळा विड्रॉल स्लिप भरून आला. सही नमुन्याशी दर वेळी बिनचूक जुळली. दर वेळी मी त्याला भावाला घेऊन यायला सांगितले. नंतर तो यायचा थांबला.

वर्षाने तो परत आला. नागपूरच्या इस्पितळातून बरा होऊन, कागद घेऊन. बोलता बोलता कळले की त्या वेळी त्याला पैसे हवे होते ते नागपूरला जाऊन डॉक्टरला दाखवायला. आपले काहीतरी बिघडले आहे, हे साऱ्या घरात त्याला एकट्यालाच कळले होते. मी चिठ्ठी काढली, रक्कम दिली. काउंटरपाशी उभा राहून त्याने नोटा दोनदा मोजल्या आणि त्यांतली फाटकी निघालेली एक दहाची नोट मुकाट्याने माझ्यापुढे सरकवली. मी ती बदलून दिली.