विश्वेश्वरय्या आणि आमचा फ्लश टँक

दर १५ सप्टेंबरला आपण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घालतो. म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचा हा मुलगा. वडील लवकर गेले, शिकवण्या घेत बी.ए. केलं आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आताच्या सीओईपीत, १८८३ साली एल.सी.ई.ला पहिला आला! १८८४ला नाशिकला असिस्टंट इंजिनीअर. दिवाणपद, भारतरत्न वगैरे जी.के.वाल्यांना पाठच असेल.

मला आवडतं ते खडकवासला. पावसाळ्यात तिथलं पाणी सांडव्यावरून फुकट जायचं. धरणाची उंची न वाढवता १९०३ साली त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीवर चढलं की आपोआप उघडणार, उतरलं की मिटणार. साठा सुमारे ८ फुटांनी चढला.

फ्लश टँकमध्येही पातळीच राज्य करते, फक्त उलटं: पाणी चढलं की बॉल वाट बंद करतो. पनवेलच्या आमच्या रूमवर टँक रात्रभर सूं सूं करायचा, आणि इकडे उन्हाळ्यात देहरंग धरण आटलं की पाणीकपात! झाकण उघडलं. पाणी ओव्हरफ्लो नळीत जात असेल तर बॉल खाली घ्यायचा. तरी थांबेना तर बॉलकॉकचा वॉशर बदलायचा. आमची नळी कोरडी. मग टाकीत रंग टाकला, अर्धा तास फ्लश बंद. भांड्यात रंग उतरला, म्हणजे तळाचं रबर गेलेलं. नवं बसवलं, आवाज गायब.

विश्वेश्वरय्यांचे दरवाजे पुढे ग्वाल्हेरच्या टिग्रा आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागर धरणांवरही बसले. शंभरी ओलांडून १९६२ साली ते गेले.