उद्योगमहर्षी शेठ वालचंद हिराचंद : विद्येला कामाची जोड देणारा द्रष्टा

आहार, औषध, अभय आणि ज्ञान अशी चतुर्विध दानाची परंपरा आपल्या समाजाने शतकानुशतके जोपासली आहे. पाठशाळा, बोर्डिंग, शिष्यवृत्ती ही ज्ञानदानाची आधुनिक रूपे होत. सुवर्णमहोत्सवाच्या मंगलप्रसंगी ज्या पूर्वसुरींचे कृतज्ञतेने स्मरण करावयाचे, त्यांत सोलापूरचे सुपुत्र शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचे नाव अग्रभागी येते. जहाज, विमान व मोटार या तिन्ही उद्योगांचा भारतीय भांडवलावर पाया घालणारे उद्योगपती म्हणून ते सर्वपरिचित आहेत. परंतु शिकलेल्या तरुणाला आपली विद्या वापरण्यासाठी जागा मिळाली नाही, तर ते ज्ञानदान अपुरे राहते, हे त्यांच्या चरित्रातून मिळणारे शिक्षण मात्र तितकेसे सांगितले जात नाही. प्रस्तुत लेखात त्याच बाजूचा विचार करावयाचा आहे.

वालचंदांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापूर येथे एका दिगंबर जैन कुटुंबात झाला. घराणे मूळचे सौराष्ट्रातील, पण सोलापुरात स्थिरावलेले. कापसाचा व्यापार आणि सावकारी हा घरचा व्यवसाय. 1899 साली ते मॅट्रिक झाले. पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स व पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी काही काळ शिक्षण घेतले. पेढीवर बसून व्याजाचे हिशेब करण्यात त्यांचे मन रमेना. रेल्वेतील नोकरीचा अनुभव असलेले लक्ष्मणराव फाटक यांच्यासह त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेण्यास प्रारंभ केला. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून झालेली ही सुरुवात पुढे भोर घाटातील बोगद्यांपर्यंत आणि तानसा तलावाचे पाणी मुंबईस आणणाऱ्या नळांपर्यंत पोहोचली. सावकाराच्या पोराला खडी, सुरुंग आणि मजुरांची गाठ याच काळात पडली. काम कागदावर कितीही नेटके असले तरी ते उभे करणारे जाणते हात नसतील तर सारे व्यर्थ, हा धडा त्यांना या कंत्राटांनी दिला असावा. त्यांच्या पुढील सर्व उद्योगांत त्याची खूण दिसते.

1919 साली नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लुभाई सामळदास यांच्यासह त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची स्थापना केली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून घेतलेली लॉयल्टी ही आगबोट 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. मात्र या गौरवास एक सल होता. रत्नागिरी आणि जंजिऱ्याकडील कोकणी खलाशी पिढ्यान्‌पिढ्या ब्रिटिश आगबोटींवर राबत होते. भट्टीत कोळसा टाकणारे, दोर ओढणारे हात आपले, पण नकाशा पाहून हुकूम देणारा कप्तान आणि यंत्रावर देखरेख करणारा मुख्य इंजिनिअर बहुधा परदेशी. बोट भारतीय मालकीची झाली म्हणून ती चालविणारे अधिकारी भारतीय झाले नव्हते. अधिकारपदासाठी लागणारे प्रमाणपत्र समुद्रावरील उमेदवारीशिवाय मिळत नसे आणि ही उमेदवारी देणाऱ्या कंपन्या ब्रिटिशांच्या हाती होत्या. त्यामुळे भारतीय मुलांना दरवाजा बंदच होता.

कायदेमंडळातील भारतीय सभासदांच्या आग्रहामुळे सरकारने 1923 मध्ये कॅप्टन हेडलॅम यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय व्यापारी नौकानयनाचा विचार करण्यासाठी समिती नेमली. समितीने दोन महत्त्वाच्या शिफारशी केल्या. भारतीय मुलांना अधिकारपदाचे शिक्षण देण्यासाठी प्रशिक्षण नौका सुरू करावी, ही एक. किनारपट्टीवरील वाहतूक क्रमाक्रमाने भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावी, ही दुसरी. पहिली सरकारने मान्य केली व 1927 साली मुंबई बंदरात डफरिन ही नौका प्रशिक्षणासाठी उभी राहिली. दुसरी मात्र मान्य झाली नाही. 1928 मध्ये साराभाई हाजी यांनी किनारी वाहतूक राखीव ठेवण्याचे विधेयक कायदेमंडळात मांडले, तेही तडीस गेले नाही.

या दोन निर्णयांचा एकत्रित अर्थ वाचकांनी ध्यानात घ्यावा. शाळा मिळाली, पण शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांना चालविण्यास पुरेशी जहाजे मिळाली नाहीत. डफरिनवरील तीन वर्षांच्या शिक्षणानंतर कॅडेटला प्रत्यक्ष समुद्रावर उमेदवारी करावी लागे. ती मिळाली नाही, तर सारे शिक्षण गळ्यात बांधलेल्या पदकासारखे शोभेचे ठरले असते. ब्रिटिश कंपन्या भारतीय मुलांना आपल्या बोटींवर घेण्यास फारशा राजी नव्हत्या. अशा वेळी सिंदिया कंपनीने डफरिनच्या कॅडेटांसाठी आपल्या बोटी खुल्या केल्या. 1929 मध्ये नरोत्तम मोरारजी यांचे अपघाती निधन झाले आणि कंपनीचे अध्यक्षपद वालचंदांकडे आले. 1950 पर्यंत ते त्या पदावर होते. या दोन दशकांत डफरिनवर शिकलेले तरुण सिंदियाच्या बोटींवर उमेदवार म्हणून चढले आणि त्यांतील अनेक अधिकारी व कप्तान होऊन उतरले.

हे औदार्य सुबत्तेच्या काळातील नव्हते. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियास जेरीस आणले होते. 1923 मधील करारान्वये दहा वर्षांसाठी कंपनीच्या एकूण टनभारावर मर्यादा आली आणि तिला किनारी वाहतुकीपुरतेच समाधान मानावे लागले. अनुभवी परदेशी अधिकारी नेमून दिवस काढणे त्या स्थितीत सोयीचे होते. नवशिक्याला हाताशी धरून शिकविणे म्हणजे खर्च, वेळ आणि चुकांची जोखीम. ती पत्करली गेली, यातच या कार्याचे मोल आहे. यामागे केवळ परोपकारबुद्धी होती असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. आपली माणसे तयार झाल्याशिवाय आपला उद्योग आपला राहणार नाही, हे रोकडे व्यापारी शहाणपणही त्यात होते. स्वहित आणि समाजहित येथे एकाच वाटेने चालले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हाच क्रम अधिक मोठ्या प्रमाणावर घडला. म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने डिसेंबर 1940 मध्ये बंगळूर येथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. अमेरिकन उद्योजक विल्यम पॉली यांच्यामार्फत यंत्रसामग्री व तंत्रज्ञ आले. त्यांच्या हाताखाली भारतीय कामगार विमानाची जोडणी आणि दुरुस्ती शिकले. 1942 साली बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला. कारखाना आणि विद्यापीठ एकाच गावात नांदू लागले. त्या दोहोंना जोडणाऱ्यांत कोल्हापूर भागातून आलेले डॉ. विष्णू माधव घाटगे होते. जर्मनीत गटिंगेन येथे विमानविद्येचे उच्च शिक्षण घेऊन आलेल्या या विद्वानास कारखान्यात जागा मिळाली. त्यांच्या नेतृत्वाखाली आरेखित झालेले एचटी-2 हे प्रशिक्षण विमान 1951 मध्ये आकाशात झेपावले.

पण तोवर कारखाना वालचंदांचा राहिला नव्हता. युद्धाच्या निकडीमुळे सरकारने 1942 मध्येच त्यांचा हिस्सा विकत घेतला होता. विशाखापट्टणम येथील जहाजबांधणी कारखान्याचीही गत निराळी नव्हती. 21 जून 1941 रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. पुढच्याच एप्रिलमध्ये त्या शहरावर जपानी बाँब पडले व कामात मोठा व्यत्यय आला. तरीही 14 मार्च 1948 रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या उपस्थितीत जलउषा ही आठ हजार टनी आगबोट पाण्यात उतरली. 1952 मध्ये या कारखान्याचीही बहुतांश मालकी सरकारकडे गेली. मालकी गेली, परंतु त्या गोद्यांत आणि शेडमध्ये घडलेले कारागीर गेले नाहीत. उद्योगपतीच्या ताळेबंदात न दिसणारी ही मिळकत राष्ट्राच्या खाती जमा झाली. आपल्या धर्माने सांगितलेल्या अपरिग्रहाचा हा अनाहूत पाठच म्हणावयाचा, मग वालचंदांनी तो स्वेच्छेने घेतला असो वा नसो. आपल्या हातून गेलेल्या कारखान्यांचे त्यांना दुःख झाले नसेल, असे मानण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रात या दृष्टीचे दर्शन घडते ते इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर येथे. कळंबच्या माळरानावर ऊसमळा फुलला, 1934 च्या सुमारास साखर कारखाना उभा राहिला आणि त्याभोवती वसाहत वाढली. यंत्रे परगावची असली की त्यांच्या दुरुस्तीसाठी जाणते हात गावातच लागतात. साखरेच्या या गावाने पुढे साखर कारखान्यांची यंत्रसामग्रीच घडविण्यास सुरुवात केली आणि वालचंदांच्या पश्चात तेथील कार्यशाळेत अवकाश संशोधनासाठी लागणारे भागही तयार झाले. पोटासाठी शहराकडे जावे लागणाऱ्या भागात कसबी कामगारांचे गाव वसले.

1949 मध्ये पक्षाघाताने त्यांना गाठले. 1950 मध्ये ते उद्योगांतून निवृत्त झाले आणि 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. पत्नी कस्तुरबाई यांनी अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. सांगली येथे धोंडूमामा साठे यांनी 1947 साली स्थापन केलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयास 1955 मध्ये वालचंदांचे नाव देण्यात आले. सोलापुरात ऐल्लक पन्नालाल दिगंबर जैन पाठशाळेने 1983 मध्ये सुरू केलेले तंत्रमहाविद्यालयही त्यांचेच नाव धारण करते. उद्योगांनी शिकाऊ उमेदवार घ्यावेत असे बंधन घालणारा कायदा देशात 1961 साली आला. सिंदियाच्या बोटींवर ती रीत त्यापूर्वीच तीन दशके रुजली होती.

आपल्या समाजात शिष्यवृत्ती देणारे हात पुष्कळ आहेत आणि त्यांचे पुण्य मोठे आहे. परंतु पदवी किंवा आयटीआयचे प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलेला विद्यार्थी जेव्हा अनुभव नाही म्हणून परत पाठविला जातो, तेव्हा त्याची अवस्था डफरिनवरील त्या मुलांहून वेगळी नसते. त्याला पैशांची नव्हे, बोटीवरच्या जागेची गरज असते. ती जागा देण्याचे सामर्थ्य ज्यांच्या दुकानांत, कारखान्यांत आणि कार्यालयांत आहे, असे अनेक बंधुभगिनी ही स्मरणिका वाचीत असतील. प्रत्येकाने दरवर्षी एका नवशिक्याला हाताशी धरले, तर आपल्या ज्ञानदानास पूर्णता येईल. शेठ वालचंद हिराचंद यांच्या पवित्र स्मृतीस याहून उचित अशी दुसरी आदरांजली नाही. त्या थोर कर्मयोग्यास विनम्र अभिवादन!