पेशानं वकील, पण आयुष्य घालवलं घळीत आणि विवरांत : दोर-शिडी घेऊन जमिनीच्या पोटात उतरणाऱ्या मार्टेलची गोष्ट

पावसाळा आला की छत्रपती संभाजीनगरची पोरं गाड्या काढतात. कुणी अजिंठ्याला वाघूरच्या घळीत कोसळणारा सातकुंडाचा धबधबा बघायला जातं, कुणी गौताळ्याला. पाऊस ओसरला की ट्रेकिंग ग्रुपच्या बस अकोले तालुक्यातल्या सांदण दरीकडे निघतात. दोन कड्यांमधल्या चिंचोळ्या फटीतून चालायचं, मध्येच गार पाण्यात उतरायचं, पुढं कमरेला हार्नेस आणि डोक्यावर हेल्मेट घालून दोरावरून खाली जायचं. या प्रकाराला जगात कॅन्यनिंग किंवा कॅन्यनिअरिंग म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर घळ उतरणं.

आज यासाठी लागणारं सगळं सामान दुकानात मिळतं. पण सव्वाशे वर्षांपूर्वी असं दुकानच नव्हतं. त्या काळात पॅरिसचा एक वकील सुट्ट्यांमध्ये हे काम करायचा. त्याचं नाव एदुआर-आल्फ्रेड मार्टेल. विवरांच्या शास्त्राचा जनक म्हणून तो ओळखला जातो.

मार्टेलचा जन्म १ जुलै १८५९ चा, पॅरिसजवळच्या पोंत्वाज गावचा. घराणं कायद्याचं, त्यामुळे पोरगा वकील होणार हे ठरल्यासारखंच होतं. पण १८६६ मध्ये आई-वडिलांसोबत पिरेनीज पर्वतातल्या गार्गासच्या गुहा बघितल्या आणि सात वर्षांच्या मुलाच्या डोक्यात गुहा शिरल्या त्या शिरल्याच. त्यात ज्यूल व्हेर्नच्या कादंबऱ्यांचा नाद. पुढं तो वकील झाला, पॅरिसच्या व्यापारी न्यायालयात काम करू लागला. पण सुट्टी लागली की गडी दक्षिण फ्रान्सच्या चुनखडीच्या पठारावर हजर.

चुनखडीच का? तर हा दगड पाण्यात हळूहळू विरघळतो. पावसाचं पाणी भेगांमधून आत शिरतं, भेगांच्या फटी होतात, फटींची विवरं होतात. नदी एका ठिकाणी जमिनीत गडप होते आणि दुसरीकडे झरा म्हणून बाहेर येते. आपल्याकडं काळा बेसॉल्ट, त्यामुळे असला प्रकार फारसा दिसत नाही. सांदणसारख्या घळी तयार होतात त्या खडकातल्या भेगा आणि पाण्याची झीज यांमुळे.

१८८८ च्या जून महिन्यात मार्टेलनं ब्रामाबियो इथं जमिनीखाली जाणाऱ्या नदीसोबत आत शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर पडून दाखवलं. पुढच्याच वर्षी, ९ जुलै १८८९ ला तो पादिराकच्या विवरात उतरला. सुमारे ७५ मीटर खोल, वरून बघितलं तर एखाद्या राक्षसाची विहीर वाटावी असा खड्डा. सैतानानं टाच आपटून तो केला, अशी तिथली दंतकथा. मार्टेलला तळाशी सैतान नाही, तर वाहती नदी सापडली.

आता खरा प्रश्न सामानाचा होता. ७५ मीटर खोल खड्ड्यातून होडी न्यायची कशी? लाकडी होडी उतरवणं अवघड. मार्टेलकडे अमेरिकी बनावटीची, ऑसगुड नावाची कॅनव्हासची होडी होती. घडी घालून खाली सोडायची, तळाशी उघडायची आणि पाण्यात ढकलायची. घळीत उतरणाऱ्यांच्या सामानाचा पहिला नियम इथं दिसतो. वस्तू नुसती मजबूत असून भागत नाही, ती खांद्यावरून नेता आली पाहिजे आणि अरुंद जागेतून गेली पाहिजे.

उतरायला दोराची शिडी असायची. दोन्ही बाजूंना हेंपचे जाड दोर आणि मध्ये लाकडी पायऱ्या. विवर खोल असेल तर एकाला एक शिड्या जोडायच्या. कधी दोराला बांधलेल्या दांडक्यावर बसायचं आणि वरची माणसं हळूहळू खाली सोडायची. उतरणाऱ्याच्या अंगाला वेगळा सुरक्षेचा दोर. म्हणजे एक माणूस खाली जाणार, तर त्याचा जीव वरच्या कितीतरी हातांमध्ये.

आणि हेंपचा दोर म्हणजे काय चीज होती बघा. कोरडा असताना चांगला, पण भिजला की फुगतो, कडक होतो, जड होतो. ओला गुंडाळून ठेवला तर आतून कुजतो आणि बाहेरून पत्ता लागत नाही. धबधब्याखाली काम करणाऱ्या माणसासाठी याहून वाईट गोष्ट कोणती? त्यामुळे दोर वाळवणं आणि वापरायच्या आधी तपासणं हे उतरण्याइतकंच महत्त्वाचं होतं.

दुसरी अडचण आवाजाची. पाण्याच्या गडगडाटात खालच्याची हाक वर पोहोचत नाही. मग मार्टेलनं शिट्टी ठेवली आणि खोल विवरांसाठी थेट टेलिफोनची तार सोबत घेतली. १ ऑगस्ट १८९५ ला इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या गेपिंग गिल या विवरात तो असाच उतरला. सुमारे १०० मीटरची सरळ उडी आणि शेजारी कोसळणारा ओढा. शिडी, सुरक्षेचा दोर आणि टेलिफोन यांच्या जोरावर तो तळाशी पोहोचणारा पहिला माणूस ठरला. त्याच वर्षी त्यानं पॅरिसमध्ये विवरशास्त्राची संस्था उभी केली.

या सगळ्यात त्याचा भरवशाचा साथीदार होता लुई आरमांद. पेशानं लोहार, ल रोझिए गावचा. १८९७ मध्ये या आरमांदलाच एक मोठं विवर सापडलं. मार्टेलनं श्रेय स्वतःकडे घेतलं नाही, ते विवर आजही आवेन आरमांद म्हणजे आरमांदचं विवर म्हणूनच ओळखलं जातं.

पण मार्टेलचं सगळ्यात मोठं काम विक्रमात नाही, पाण्यात आहे.

१८९१ मध्ये एका झऱ्याचं पाणी प्यायल्यावर तो आजारी पडला. नंतर कळलं की झऱ्याला पाणी पुरवणाऱ्या विवराच्या तळाशी मेलेलं वासरू सडत पडलं होतं. त्या काळी गावोगाव मेलेली जनावरं विवरात टाकून मोकळं व्हायची पद्धत होती. लोकांना वाटायचं, खड्ड्यात गेलं म्हणजे संपलं. मार्टेल दोरावरून खाली जाऊन बघून आला होता, म्हणून त्याला माहीत होतं की संपत काहीच नाही. वर टाकलेली घाण खालच्या गावाच्या पिण्यात येते. चुनखडीच्या मोठ्या फटींतून पाणी धावत जातं, वाळूतून गाळल्यासारखं ते गाळलं जात नाही. त्यानं हा विषय लावून धरला आणि १५ फेब्रुवारी १९०२ च्या फ्रान्सच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा विवरांत मेलेली जनावरं टाकायला बंदी आली.

म्हणजे ती शिडी आणि तो दोर नसता, तर हा पुरावा वर आलाच नसता.

१८९९ मध्ये त्यानं वकिली सोडली. ऑगस्ट १९०५ मध्ये सरकारी पाणी पाहणीच्या निमित्तानं तो व्हेर्दों नदीच्या घळीत शिरला. काही ठिकाणी कडे ७०० मीटरपर्यंत उंच. सोबत आरमांद आणि गावचे शिक्षक इझिदोर ब्लां. होड्या खडकांवर आपटून मोडकळीला आल्या, पण ११ ते १४ ऑगस्ट अशा चार दिवसांत ही मंडळी आरपार गेली. घळ उतरण्याच्या इतिहासात ही मोहीम मैलाचा दगड मानली जाते. तिथली पायवाट आज मार्टेलच्या नावानं ओळखली जाते.

मार्टेल ३ जून १९३८ ला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या ड्यूपाँ कंपनीनं नायलॉन जगासमोर आणलं. न कुजणारा, हलका, झटका सोसणारा हा धागा पुढं दोरात आला. १९५३ मध्ये जर्मनीच्या एडेलरिड कंपनीनं आत भार पेलणारा गाभा आणि बाहेरून विणलेलं कवच असा दोर काढला. सांदणमध्ये तुमच्या हातात येतो तो याच जातीचा.

तरी जुना नियम बदललेला नाही. नायलॉन कुजत नसलं तरी धारदार खडकावर घासून कापलं जातं, उन्हानं कमजोर होतं आणि ओलं झालं की त्याची ताकद थोडी घटते. म्हणून पुढच्या वेळी कड्यावर उभे असाल, तर फोटो काढायच्या आधी एवढं करा. दोर पूर्ण लांबीभर बोटांतून सरकवून बघा आणि कुठं मऊ, चपटा किंवा उसवलेला लागला तर तो वापरायला सरळ नकार द्या.