शुक्राणू पाहणारा कापडवाला : अँटोनी व्हॅन लेवेनहूक

आपल्या दिघीच्या धक्क्यावर उभं राहिलं की जंजिरा दिसतो. शिवरायांच्या राज्याभिषेकाला 3 वर्षं झाली होती, जंजिरा सिद्दीकडेच होता. त्याच सुमारास, 1677 मध्ये, हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी एका कापडवाल्याने वीर्याच्या थेंबात शेपटी हलवत पळणारे असंख्य शुक्राणू पाहिले. त्याचं नाव अँटोनी व्हॅन लेवेनहूक.

त्याचा जन्म 1632 चा. वडील टोपल्या विणायचे, ते लवकर वारले. 16 व्या वर्षी अँटोनी ॲमस्टरडॅमला कापडाच्या दुकानात काम शिकायला गेला. पुढे गावी परतून त्याने स्वतःचं दुकान टाकलं. धागे भिंगातून तपासायची त्या धंद्यात रीतच होती. तो स्वतः भिंगं घासू लागला आणि त्यातून त्याने पाण्यातले सूक्ष्मजीव पाहिले. कॉलेज नाही, लॅटिन येत नाही. तरी लंडनच्या रॉयल सोसायटीला तो डच भाषेत पत्रं लिहीत राहिला.

हॅम नावाच्या विद्यार्थ्याने एका आजारी माणसाचं वीर्य आणलं होतं. शुक्राणू आजारामुळे झालेत की काय? लेवेनहूकने निरोगी वीर्यही तपासलं. त्यातही ते होतेच. विषय नाजूक, म्हणून पत्र अशोभनीय वाटलं तर छापू नका, असं त्याने कळवलं. पण पाहिलेलं लपवलं नाही. पुढे त्याने अनेक प्राण्यांचे शुक्राणू तपासले.

एका बाबतीत मात्र तो चुकला. बाळ शुक्राणूपासूनच घडतं, आई फक्त पोसते, असं त्याला वाटे. भिंगातून शेपटी दिसली. आतली जनुकं दिसणं शक्यच नव्हतं. आज आपल्याला माहीत आहे, की शुक्राणू घडताना ठरावीक जनुकं कामाला लागतात आणि शेपटी, डोकं घडवणारी प्रथिनं बनतात. शेवटी प्रोटामिन नावाची प्रथिनं डीएनए इतका घट्ट बांधतात, की जनुकांचं काम जवळजवळ थांबतं. या गाठोड्यात बाळाची निम्मीच गुणसूत्रं असतात. बाकीची निम्मी आईच्या अंड्यात.

मुलगा की मुलगी, हे शुक्राणूतल्या एक्स किंवा वाय गुणसूत्रावर ठरतं. म्हणजे मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणं निव्वळ अज्ञान आहे.

1723 मध्ये, नव्वदी गाठून लेवेनहूक वारला. मित्रांनो, प्रजननाचा पाठ आला की माना खाली घालू नका. प्रश्न विचारा!