डॉक्टर अलॉइस अल्झायमर

जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात माइन नदीच्या काठी मार्क्टब्राइट नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे १४ जून १८६४ रोजी अलॉइस अल्झायमर यांचा जन्म झाला. वडील दस्तऐवज प्रमाणित करणारे सरकारी अधिकारी होते. घर खाऊनपिऊन सुखी होते. अलॉइसला शाळेतच विज्ञानाची गोडी लागली. पुढे बर्लिन, ट्यूबिंगन व व्युर्त्सबुर्ग येथे त्याने वैद्यकाचे अध्ययन केले आणि १८८७ साली तो डॉक्टर झाला.

पुढील वर्षाच्या अखेरीस हा तरुण डॉक्टर फ्रँकफुर्ट शहरातील मनोरुग्णालयात रुजू झाला. त्या काळी वेड लागलेल्या माणसांच्या वाट्याला दयामाया क्वचितच येई. रोगी अनावर झाला की त्याला जखडून ठेवावे अथवा कोंडून घालावे, हाच सर्वत्र रिवाज होता. फ्रँकफुर्टचे प्रमुख डॉक्टर एमिल सिओली यांना तो मान्य नव्हता. त्यांनी व अल्झायमर यांनी बंधने शक्य तितकी दूर केली. खवळलेल्या रोग्यांना कोमट पाण्याच्या टबात दीर्घकाळ बसवून शांत करण्यात येऊ लागले. अल्झायमर रोग्यांच्या खाटेपाशी बसत, त्यांच्याशी सावकाश बोलत आणि त्यांचे उत्तर जसेच्या तसे टिपून ठेवीत. असंबद्ध बोलण्याची इतकी काटेकोर नोंद ठेवणारे डॉक्टर तेव्हा थोडेच होते.

१८८९ साली फ्रान्झ निस्ल हे त्यांचे सहकारी तेथे आले. मेंदूच्या पातळ कापांना विशिष्ट रंग दिला असता त्यांतील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात, ही युक्ती निस्ल यांनी शोधून काढली होती. दोघांची गाढ मैत्री जमली. दिवसभर रुग्णसेवा करावी आणि मग सूक्ष्मदर्शकापाशी बसावे, असा त्यांचा क्रम सुरू झाला. मनाच्या रोगाची खूण मेंदूत सापडेल काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना.

१८९४ साली अल्झायमर यांचा विवाह झाला. त्यांना तीन मुले झाली. परंतु १९०१ सालच्या फेब्रुवारीत पत्नी सेसिली निवर्तली. मुले अजून लहान होती. अल्झायमर यांची बहीण एलिझाबेथ हिने येऊन घर सांभाळले आणि त्यांनी आपले दुःख कामात बुडविले.

त्याच वर्षीच्या २५ नोव्हेंबरला ऑगस्टे नावाची एक्कावन्न वर्षांची स्त्री रुग्णालयात दाखल झाली. एका रेल्वे कर्मचाऱ्याची ही पत्नी. एरव्ही घरकामात दक्ष. पण काही महिन्यांपासून तिचा स्वयंपाक बिघडू लागला होता, वस्तू कोठे तरी लपवून ती विसरू लागली होती, आणि पतीविषयी विनाकारण संशय घेत होती. अल्झायमर यांनी तिला लेखणी, किल्ली, सिगार अशा वस्तू दाखविल्या. तिने प्रत्येकीचे नाव बरोबर सांगितले. थोड्या वेळाने काय काय पाहिले असे विचारले, तर तिला एकही आठवेना. ती जेवत असताना पानात डुकराचे मांस व फुलकोबी होती. काय खातेस असे विचारता तिने पालक खात असल्याचे सांगितले. आपणच आपल्याला हरवून बसलो आहोत, एवढे मात्र तिला कळत होते. वेडाच्या कोणत्याही ठरलेल्या प्रकारात हा रोग बसेना. म्हातारपणी बुद्धी मंदावते हे सर्वांना ठाऊक होते. पण ही बाई म्हातारी नव्हती.

काही काळाने अल्झायमर प्रख्यात मनोवैद्य एमिल क्रेपेलिन यांच्याकडे प्रथम हायडेलबर्गला व १९०३ साली म्यूनिकला गेले. म्यूनिकमध्ये आरंभी त्यांना वेतनही नव्हते. स्वतःच्या पैशावर ते प्रयोगशाळेत राबत. देशोदेशींचे विद्यार्थी त्यांच्याभोवती जमले. गुरुजी प्रत्येकाच्या सूक्ष्मदर्शकापाशी बसून समजावून देत आणि हातातील अर्धवट सिगार तेथेच विसरून पुढच्याकडे वळत, अशी त्यांची ख्याती होती. स्मृतीचा अभ्यास करणाऱ्याची ही विसराळू सवय मोठी गमतीची! मात्र फ्रँकफुर्टच्या त्या रुग्णाचा त्यांना विसर पडला नाही. तिच्या प्रकृतीची चौकशी ते वारंवार करीत.

एप्रिल १९०६ मध्ये ऑगस्टे मरण पावली. सिओली यांनी तिचा मेंदू म्यूनिकला पाठविला. अल्झायमर यांनी त्याचे पातळ काप केले, चांदीच्या क्षाराने ते रंगविले आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मेंदूचे बाह्य पटल झिजले होते. अनेक पेशींच्या जागी तंतूंचे गुंते उरले होते, आणि पेशींच्या मधल्या जागेत कसल्याशा पदार्थाचे बारीक ठिपके सर्वत्र विखुरलेले होते. हा केवळ मनाचा भ्रम नव्हता. तेथे काही तरी खरोखरच नष्ट झाले होते.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ट्यूबिंगन येथील मनोवैद्यांच्या सभेत त्यांनी ही हकिगत मांडली. सभेने ती ऐकून घेतली. पण एकानेही प्रश्न विचारला नाही. सभा पुढच्या विषयाकडे वळली. अल्झायमर यांनी आपला छोटा लेख १९०७ साली छापला व ते पुन्हा कामाला लागले. १९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या विकाराला अल्झायमरचा रोग असे नाव दिले.

१९१२ साली त्यांची ब्रेस्लाउ विद्यापीठात प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. हे शहर पुढे पोलंडमध्ये गेले व व्रोत्सवाफ या नावाने ओळखले जाऊ लागले. तिकडे जातानाच आगगाडीत ते आजारी पडले. ती प्रकृती पुन्हा सुधारली नाही. १९ डिसेंबर १९१५ रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. फ्रँकफुर्टला पत्नीच्या शेजारी त्यांना चिरविश्रांती मिळाली.

त्यांनी पाहिलेले ठिपके कशाचे, याचा उलगडा व्हायला बराच काळ लागला. १९८४ साली अमेरिकेत जॉर्ज ग्लेनर व केन वाँग यांनी त्या प्रकारचे एक प्रथिन वेगळे काढले. त्याला अमायलॉइड बीटा म्हणतात. ते मेंदूतून काढून टाकणारी एक-दोन औषधेही निघाली; त्यांनी रोगाची चाल काहीशी मंदावते, रोग बरा होत नाही. २०२१ साली जगात सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना स्मृतिभ्रंश झालेला होता, आणि त्यांतील बहुसंख्यांच्या मुळाशी हाच रोग होता.

१९९५ साली फ्रँकफुर्टच्या जुन्या दप्तरात निळ्या पुठ्ठ्याची एक फाइल सापडली. तीत अल्झायमर यांच्या हातची टिपणे होती. त्यांत एक कागद ऑगस्टेच्या हातचाही होता. डॉक्टरांनी तिला आपले नाव लिहावयास सांगितले होते. तिने आरंभ केला, पण मध्येच ती थांबली. पुढे काय लिहायचे, ते तिला आठवले नव्हते.