त्रिकोणांचा साधक

गोव्यातील डिचोली तालुक्यातल्या मुळगावच्या ग्रामस्थांना नकाशावरील रेषेची किंमत सांगावी लागत नाही. घरे, देवळे आणि शेते खाणपट्ट्याच्या हद्दीतून वगळावीत, यासाठी त्यांना अलीकडे झगडावे लागले. अशा प्रसंगी जुन्या स्थलदर्शक नकाशाचे मोल कळते. डोंगर, ओहोळ, वाडी, देऊळ कोठे होते हे तो सांगतो. भारतातील अशा नकाशांना ज्याच्या मोजणीने पक्का आधार मिळाला, तो विल्यम लॅम्बटन मात्र विस्मृतीत गेला आहे.

यॉर्कशायरमधील गरीब घरात जन्मलेला हा सैनिक १७९९ साली श्रीरंगपट्टणच्या लढाईत होता. टिपूचे राज्य पडल्यावर मद्रासपासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांची साखळी टाकून देश मोजावा, अशी योजना त्याने मांडली. कंपनी सरकारला मुलखावर पकड हवी होती; लॅम्बटनला पृथ्वीचा आकार जाणायचा होता.

गाण्याआधी तंबोरा जुळवावा, तशी त्याने प्रथम पायारेषा पक्की केली. १८०२ साली मद्रासजवळची साडेसात मैलांची ही रेषा मोजण्यास ५७ दिवस लागले. पोलादी साखळी उन्हाने वाढते, म्हणून दर वेळी उष्णता पाहावी लागे. पुढचे काम कोनांचे. रेषेच्या दोन्ही टोकांवरून एखादी टेकडी न्याहाळायची आणि अंतर गणिताने काढायचे. या रीतीने मद्रास ते मंगळूर हे अंतर जुन्या नकाशांतल्याप्रमाणे ४०० मैल नसून ३६० मैल ठरले.

१८०८ साली, सरफोजीराजांच्या तंजावरात, बृहदीश्वराच्या शिखरावर चढविताना त्याचे अर्ध्या टनाचे यंत्र आदळले आणि कोन दाखविणारे वर्तुळ वाकले. लॅम्बटन सहा आठवडे तंबूत बसला व स्वतःच्या हातांनी त्याने ते केसाकेसाने पूर्ववत केले.

१८२३ च्या जानेवारीत, नागपूरकडे जाताना, हिंगणघाट मुक्कामी त्याने देह ठेवला. साखळी पुढे हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टचे नाव जगातील सर्वोच्च शिखराला मिळाले. लॅम्बटनच्या वाट्याला आले ते नागपूरच्या वाटेवरचे एक थडगे.

नकाशा सत्तेसाठी काढला जातो, हे खरेच. पण मोजणी प्रामाणिक असेल, तर तोच पुढे रयतेचा साक्षीदार होतो. त्याने ते वाकलेले वर्तुळ तसेच चालवून घेतले असते, तर ती चूक कोणाच्या तरी शेतावर जाऊन पडली असती.