कलामहर्षी बाबूराव पेंटर

ठाण्याच्या उत्तरेस खाडीकाठी बाळकुम हे गाव आहे. आज ते ठाणे शहरात सामावून गेले आहे. कल्याणच्या जुन्या बंदरावरून येणारे उल्हास नदीचे पाणी याच गावाजवळून वसईच्या समुद्राकडे जाते. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण व भिवंडी ही ठाणी जिंकली आणि कल्याणचा खजिना स्वराज्याच्या कामी आला. सुभेदाराच्या सुनेला महाराजांनी मातेसमान मानून, वस्त्रे व दागिने देऊन सन्मानाने परत पाठविले, ही आख्यायिका या प्रदेशात, किंबहुना साऱ्या महाराष्ट्रात, घरोघरी सांगितली जाते.

ही कथा १९२४ साली एका वेगळ्याच रूपाने लोकांपुढे आली. पांढऱ्या पडद्यावर हलणाऱ्या चित्रांतून ती सांगितली गेली. त्या मूकपटाचे नाव होते ‘कल्याण खजिना’. त्याचा कर्ता कल्याणपासून फार दूर, कोल्हापुरात राहत होता. तो चित्रकार होता, शिल्पकार होता, नाटकांचे पडदे रंगविणारा होता, यंत्रे घडविणारा होता आणि प्रसंगी नटही होता. एका माणसाच्या अंगी इतक्या कला कशा आल्या, हे समजण्यासाठी त्याचे चरित्रच पाहिले पाहिजे. त्याचे नाव बाबूराव पेंटर.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. त्यांचे खरे आडनाव मेस्त्री. वडील कृष्णराव हे कसबी कारागीर होते. हत्यारे, लाकूड, धातू आणि रंग यांच्या सहवासातच बाबूरावांचे बालपण गेले. शाळेचे शिक्षण त्यांना फारसे लाभले नाही. चित्रकलेच्या एखाद्या मोठ्या विद्यालयातही ते गेले नाहीत. घर हीच त्यांची शाळा, आणि पाहणे व करून पाहणे हाच त्यांचा अभ्यास. आनंदराव हे त्यांचे चुलतभाऊ. दोघांची वृत्ती एक, आवड एक आणि ध्यासही एक. दोघे बरोबर चित्रे काढीत, बरोबर प्रयोग करीत आणि चुकले तर बरोबरच पुन्हा आरंभ करीत.

तो काळ संगीत नाटकांच्या वैभवाचा होता. नाटकमंडळ्या गावोगाव हिंडत आणि त्यांच्या गाण्यांनी रात्रीच्या रात्री जागविल्या जात. त्या वेळी रंगभूमीवर स्थळ दाखविण्यासाठी मोठमोठे रंगविलेले पडदे सोडीत. राजवाड्याचा प्रवेश आला की महालाचा पडदा, वनाचा प्रवेश आला की अरण्याचा पडदा. सपाट कापडावर खांबांची लांबच लांब रांग अशी रंगवावयाची, की प्रेक्षकाला खरोखरच दूरवर दालन पसरले आहे असे वाटावे, हे सोपे काम नव्हे. १९१० नंतरच्या काही वर्षांत आनंदराव व बाबूराव या बंधूंनी या कामात मोठे नाव मिळविले. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीसारख्या नामांकित संस्थांसाठी त्यांनी पडदे रंगविले. लोक त्यांना ‘पेंटर’ म्हणू लागले आणि पुढे मेस्त्री हे आडनाव मागे पडून ‘पेंटर’ हेच त्यांचे नाव झाले.

धंदा उत्तम चालला होता. कीर्ती होती, मानही होता. दुसरा कोणी असता तर त्यातच समाधान मानून राहिला असता. परंतु १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट तयार करून मुंबईत दाखविला. तो पाहून या दोघा भावांचे मन वेधले गेले. आपण रंगविलेले चित्र कितीही सुंदर असले तरी ते स्थिर आहे. हे चित्र मात्र हलते, चालते, हसते आणि रडते! आपणही असे चित्र निर्माण करावयाचे, असा त्यांनी निश्चय केला.

निश्चय करणे सोपे होते. साधने कोठून आणावयाची, हा प्रश्न अवघड होता. छायाचित्रणाचा कॅमेरा परदेशातून येई. त्याची किंमत परवडणारी नव्हती आणि ते यंत्र कसे चालते हे शिकविणारा गुरूही जवळ नव्हता. तेव्हा त्यांनी मुंबईच्या चोरबाजारातून चित्रपट दाखविण्याचे एक जुने यंत्र विकत आणले आणि ते बारकाईने न्याहाळण्यास आरंभ केला.

चित्रपट दाखविणारे यंत्र आणि चित्रपट घेणारे यंत्र ही जणू सख्खी भावंडे आहेत. दोहोंतही फितीच्या कडांना असलेल्या छिद्रांत चाकाचे दाते अडकतात व फीत पुढे सरकवितात. मात्र फीत सारखी धावत राहून चालत नाही. प्रत्येक चित्रापुरती ती क्षणभर थांबली पाहिजे, प्रकाश पडून झाला की झाकण मिटले पाहिजे, अंधारात फीत नेमकी एका चित्राएवढी पुढे गेली पाहिजे आणि मग झाकण पुन्हा उघडले पाहिजे. मूकपटांच्या काळात हे सारे एका सेकंदात सुमारे १६ वेळा घडत असे आणि तेही हाताने दांडा फिरवून. सरकण्यात केसाएवढा फरक पडला तरी पडद्यावरील चित्र थरथरू लागते. असे नाजूक यंत्र कोल्हापुरातील दोन तरुण स्वतःच्या हातांनी घडविण्यास निघाले होते.

हा खटाटोप चालू असतानाच दुर्दैव ओढवले. १९१६ साली आनंदराव मृत्यू पावले. ज्याच्या संगतीत प्रत्येक स्वप्न पाहिले, तो साथीदारच नाहीसा झाला. बाबूरावांवर हा मोठा आघात होता. या वेळी त्यांनी काम सोडून दिले असते तर त्यांना कोणीही दोष दिला नसता. पडदे रंगविण्याचा धंदा तर हाताशी होताच. पण अपुरे राहिलेले यंत्र तसेच पडू द्यावे, हे बाबूरावांना रुचले नाही. विष्णुपंत दामले नावाचा हुशार व यंत्रांची जाण असलेला तरुण त्यांच्याजवळ होता. त्याला बरोबर घेऊन त्यांनी पुन्हा काम हाती घेतले. चुका झाल्या, भाग बदलले, पुन्हा जोडले; आणि अखेर १९१८ च्या सुमारास त्यांचा कॅमेरा तयार झाला.

याच सुमारास बाबूरावांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन केली. भांडवलासाठी गायिका तानीबाई कागलकर यांनी त्यांना साहाय्य केले. कलावंतांचे पोशिंदे असलेले राजर्षी शाहू महाराज यांचाही त्यांना आधार मिळाला. कंपनीचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्यात दाखविण्यात आला. अज्ञातवासात द्रौपदीने सैरंध्री हे नाव घेऊन विराटाच्या घरी दासीपण पत्करले आणि तिचा छळ करणाऱ्या कीचकाला भीमाने मारले, ही महाभारतातील कथा त्यात होती. कीचकवधाचा देखावा इतका हुबेहूब उतरला, की सरकारी अधिकाऱ्यांना तो फारच भीषण वाटला व त्याला कात्री लागली. लोकमान्य टिळकांनी या चित्रपटाचे कौतुक केले आणि बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

‘सैरंध्री’त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या. आज यात काही विशेष वाटणार नाही. पण त्या वेळी ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटातील तारामतीचे कामसुद्धा पुरुषाला करावे लागले होते, कारण चित्रपटात काम करणे हे कमीपणाचे मानीत. बाबूरावांच्या चित्रपटांत गुलाबबाई व अनसूयाबाई यांनी कामे केली आणि त्यांना समाजाचा रोष सोसावा लागला. कंपनीच्या आवारातच त्यांना निवारा मिळाला. तेथे कलावंत व कामगार एका कुटुंबाप्रमाणे राहत.

बाबूरावांची काम करण्याची रीत पाहण्यासारखी होती. कोणताही प्रसंग चित्रित करण्यापूर्वी ते त्याचे रेखाचित्र काढीत. पात्र कोठे उभे राहील, वस्त्रे कशी असतील, दागिने कोणते, उजेड कोणत्या बाजूने पडेल, हे सारे आधी कागदावर उमटे. मगच कॅमेऱ्याचा दांडा फिरे. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या रंगविलेल्या पडद्यांनी त्यांना कीर्ती मिळवून दिली, तेच पडदे त्यांनी चित्रपटातून काढून टाकले. कॅमेऱ्यापुढे कापडावरचा महाल खोटा दिसतो, हे त्यांच्या चित्रकाराच्या नजरेने ओळखले होते. म्हणून त्यांनी लांबी, रुंदी व खोली असलेले खरेखुरे वाटणारे वाडे आणि दालने उभारली. जी कला आपल्याला उत्तम येते, ती एखाद्या ठिकाणी उपयोगाची नाही हे जाणून ती बाजूला ठेवणे, यालाही मोठे मन लागते.

१९२३ साली ‘सिंहगड’ हा चित्रपट आला. तानाजी मालुसरे यांच्या पराक्रमाची ती कथा. गड जिंकला तो रात्री. आणि त्या वेळी चित्रीकरण तर सूर्यप्रकाशावर अवलंबून असे. मग रात्रीची लढाई दाखवावयाची कशी? बाबूरावांनी विजेच्या प्रखर दिव्यांचा उपयोग करून हे देखावे घेतले. भारतीय चित्रपटात हा प्रकार नवीनच होता. या चित्रपटात शिवाजी महाराजांची भूमिका स्वतः बाबूरावांनी केली.

दुसऱ्याच वर्षी ‘कल्याण खजिना’ आला. त्या वर्षी लंडननजीक वेंब्ली येथे मोठे प्रदर्शन भरले होते. तेथेही या चित्रपटाचा गौरव झाला. चित्रपटाची जाहिरात करण्यासाठी बाबूराव स्वतः भित्तिचित्रे रंगवीत. रस्त्याने जाणारा मनुष्य क्षणभर थांबून पाहील, अशी ती चित्रे असत. ‘कल्याण खजिना’चे भित्तिचित्र आजही उपलब्ध आहे आणि भारतीय चित्रपटांच्या सचित्र जाहिरातींतील अगदी जुन्या नमुन्यांत त्याची गणना होते.

पुराणातील देव आणि इतिहासातील वीर यांच्या कथा लोकांना आवडत होत्या, पैसाही मिळवून देत होत्या. तरीही १९२५ साली बाबूरावांनी एक वेगळा विषय हाती घेतला. तो होता आपल्या भोवतालच्या शेतकऱ्याचा. ‘सावकारी पाश’ या चित्रपटात कर्जापायी जमीन गमावलेला आणि पोटासाठी शहरात जाऊन गिरणीत मजूर झालेला शेतकरी त्यांनी दाखविला. त्यात दैवी चमत्कार नव्हते, तलवारींचा खणखणाटही नव्हता. होते ते केवळ दारिद्र्य आणि माणसाची असहायता. जाणत्यांनी या चित्रपटाची थोरवी ओळखली; परंतु चमत्कारांची सवय झालेल्या प्रेक्षकांची गर्दी त्याला लाभली नाही. पैशाच्या दृष्टीने तो अपयशी ठरला. मात्र पडद्यावर खऱ्या जीवनाचे दर्शन घडविणाऱ्या भारतीय चित्रपटांची परंपरा सांगताना आज आरंभी ‘सावकारी पाश’चेच नाव घेतले जाते. त्यातील तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले होते.

शांताराम, दामले, फत्तेलाल ही सारी मंडळी बाबूरावांच्या हाताखाली तयार झाली. तेथे वेगळे वर्ग नव्हते की पुस्तके नव्हती. रंग घोटता घोटता, दिवे वाहता वाहता आणि यंत्रे दुरुस्त करता करता ते शिकले. १९२९ साली हे शिष्य महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडले आणि त्यांनी धायबर व कुलकर्णी यांच्यासह प्रभात फिल्म कंपनी काढली. ज्यांना हाताला धरून शिकविले तेच निघून गेले, ही गोष्ट गुरूच्या मनाला लागल्यावाचून कशी राहील? पुढे बोलपट आले, मूकपटांचे दिवस सरले आणि १९३१ च्या सुमारास बाबूरावांची कंपनी बंद पडली. दामले व फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटाचा मात्र १९३७ साली व्हेनिस येथील महोत्सवात गौरव झाला. कोल्हापुरातील त्या कार्यशाळेत लावलेल्या रोपाचेच ते फळ होते.

त्यानंतर बाबूरावांनी ‘उषा’सारखे काही बोलपट केले, पण त्यांचे मन पुन्हा आपल्या मूळच्या कलांकडे वळले. ते चित्रे रंगवू लागले, पुतळे घडवू लागले. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापूर येथे त्यांचे निधन झाले. महाराष्ट्र त्यांना ‘कलामहर्षी’ या नावाने ओळखतो.

बाबूरावांचे बहुतेक मूकपट आज पाहावयास मिळत नाहीत. त्या काळच्या फिती लवकर पेट घेत आणि लवकर खराबही होत. तरीही त्यांचे कार्य नष्ट झाले असे म्हणता येणार नाही. मनुष्याने एकच कला शिकावी आणि आयुष्यभर त्याच चाकोरीत राहावे, असा नियम नाही, हे त्यांनी आपल्या उदाहरणाने दाखविले. आजही कित्येक कलावंत चित्र, नृत्य आणि अभिनय यांचा मेळ घालून नव्या वाटा शोधीत असतात. कोल्हापूरच्या या कारागिराने तशी वाट शंभर वर्षांपूर्वीच धरली होती. रंगाचा कुंचला, शिल्पकाराची छिन्नी आणि यंत्राचा दांडा या तिन्हींवर त्यांचा हात सारख्याच प्रेमाने फिरला. आणि अडचण आली तेव्हा तो हात थांबला नाही, हाच त्यांच्या चरित्राचा खरा खजिना होय.